प्रशिक्षण घेऊन आले, आता सहकाऱ्यांना काय सांगू?

पत्राचा सारांश : मी सातवीला इतिहास-भूगोल शिकवते. नोकरीला चौदा वर्षं झाली. वर्गातली निम्मी मुलं धडा खडाखडा वाचतात, पण ‘काय कळलं?’ असं विचारलं की पुस्तकातलंच वाक्य परत वाचून दाखवतात. सात-आठ जण तर जोडाक्षर आलं की अडखळतात. अलीकडेच वाचन आणि विद्यार्थी सक्षमीकरण या विषयावरचं पाच दिवसांचं प्रशिक्षण करून आले. मला ते मनापासून आवडलं. परत आल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, ‘दोन तास देतो, शिकलात ते सगळ्यांना सांगून टाका.’ स्टाफरूममध्ये मात्र वेगळाच सूर आहे. एक ज्येष्ठ सर म्हणाले, ‘आम्ही विषय शिकवायचा की बाराखडी?’ गणिताच्या मॅडमच्या मते हे भाषेच्या शिक्षकांचं काम. आधी या सगळ्यांची मानसिकता बदलायला हवी, त्याशिवाय काही होणार नाही असं मला वाटतं. शिवाय मुलांना आधी धड वाचता येऊ दे, सक्षमीकरण वगैरे नंतर बघू, असंही मनात येतं. ते दोन तास घेऊ की काही कारण सांगून टाळू? आणि पुढच्या वेळी अशा प्रशिक्षणाला जाण्यात अर्थ आहे का?

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात : मुलं पुस्तकातलंच वाक्य परत वाचून दाखवतात. मुख्याध्यापक, दोन तास, ज्येष्ठ सरांचा टोमणा, हे सगळं थोडा वेळ बाजूला राहू दे. आधी या वाक्यापाशी थांबू.

हे वाचा : ‘काल संध्याकाळी एका खुमट झुरपाने तीन गिलवट्या फसकाटल्या, त्यामुळे सगळा परिसर लिपाटला.’ आता प्रश्नोत्तरं. गिलवट्या कोणी फसकाटल्या? खुमट झुरपाने. किती? तीन. परिसर का लिपाटला? झुरपाने गिलवट्या फसकाटल्या म्हणून. बघा, ‘कारणे द्या’सुद्धा सुटलं, तेही पूर्ण गुण घेऊन! झुरप, गिलवटी, फसकाटणं, लिपाटणं हे सगळे शब्द मी आत्ता बसल्या बसल्या बनवले आहेत. पण मराठी कानावर पडत मोठ्या झालेल्या कोणालाही ‘ने’ लागला तो करणारा आणि ‘त्यामुळे’च्या आधी असतं ते कारण, एवढं न शिकवता कळतं. तेवढ्या भांडवलावर उत्तरं निघतात.

आता तुमच्या धड्यातलं एखादं वाक्य घ्या. ‘सत्तेच्या विकेंद्रीकरणामुळे स्थानिक नेतृत्वाला वाव मिळाला.’ प्रश्न : विकेंद्रीकरणामुळे कोणाला वाव मिळाला? उत्तर : स्थानिक नेतृत्वाला. आपण बरोबरची खूण करतो. त्या मुलाला सत्ता म्हणजे काय, ती आधी कुठे एकवटली होती, ‘वाव मिळणं’ म्हणजे काय मिळणं, यातलं काहीही कळलेलं नसलं तरी चालून जातं. तेव्हा ‘मुलांना अर्थ कळत नाही’ ही तुमची तक्रार खरी आहे, पण ती पूर्ण नाही. अर्थ लागला नाही तरी काम भागावं, असेच प्रश्न आपण त्यांना वर्षानुवर्षं विचारत आलो आहोत. परत वाक्य वाचून दाखवणारं मूल आपल्याला हवं तेच देतं आहे.

हे मी एवढं लांबवलं, कारण तुमच्या सहकाऱ्यांसमोर ठेवायची गोष्ट हीच आहे. प्रशिक्षणात मिळालेली फाइल नव्हे.

तुमचे मुख्याध्यापक काय गृहीत धरतात बघा. एकजण शिकून आला की त्याने दोन तासांत इतरांना सांगायचं, इतरांनी ते वर्गात करायचं. कागदावर हे फार सोयीचं दिसतं, म्हणून तर सगळीकडे चालतं. पण ऐकलेलं वर्गात उतरतं का? ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या शिक्षण-संशोधकांनी १९८०च्या दशकात शिक्षक-प्रशिक्षणाचे वेगवेगळे भाग सुटे करून पाहिले होते : नुसतं सांगणं, करून दाखवणं, सराव करून घेणं, सरावावर बोलणं, आणि शेवटी वर्गात सोबत राहून मदत करत राहणं. पहिल्या भागांनी शिक्षकाला गोष्ट समजते, पटते, काही अंशी जमतेही. रोजच्या वर्गात मात्र ती टिकते ती शेवटच्या भागामुळे. तुम्ही पाच दिवस जे अनुभवलंत, त्यात करून दाखवणं होतं, सराव होता, चर्चा होती. तुमच्या सहकाऱ्यांच्या वाट्याला त्यातलं फक्त सांगणं येणार, तेही शाळा सुटायच्या सुमारास.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. मुलांचे गट इयत्तेनुसार न करता वाचनाच्या पातळीनुसार करायचे, ही ‘प्रथम’ संस्थेची पद्धत. ती सरकारी शाळांत शिक्षकांकरवी राबवता येते का, हे अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या राज्यांत तपासलं. बिहार आणि उत्तराखंडमध्ये शिक्षकांना प्रशिक्षण मिळालं, साहित्य मिळालं, पण शाळेचा दिवस होता तसाच राहिला. तेवढ्याने मुलांच्या वाचनात फारसा फरक पडला नाही. हरियाणात या कामासाठी दिवसातला एक तास वेगळा काढला आणि वर्गात येऊन मदत करणारी माणसंही तयार केली. तिथे मुलांच्या भाषेत सुधारणा दिसली. शिक्षक सरकारी शाळांचेच, पद्धतही तीच. वेळापत्रकात जागा मिळाली आणि पाठीशी कोणीतरी उभं राहिलं, एवढाच फरक.

म्हणून तुमच्या ‘दोन तास घेऊ की टाळू’ या प्रश्नात मला दोन्ही पर्याय चुकीचे वाटतात. घेतलेत, तर सगळे माना डोलावतील, चहा घेतील आणि विषय तिथेच संपेल. वर ‘आमच्याकडे झालं की ते प्रशिक्षण’ अशी नोंद होईल ती वेगळीच, मग पुन्हा तो विषय काढायची सोय राहणार नाही. टाळलंत, तर मुख्याध्यापकांनी उघडलेलं दार तुम्ही स्वतःच लावून घ्याल. सलग दोन तासांऐवजी वीस-वीस मिनिटांच्या सहा बैठका मागा, दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक. मुख्याध्यापकांच्या खिशातून जाणारा वेळ तेवढाच. फरक असा, की दोन बैठकांच्या मध्ये प्रत्येकाला वर्गात काहीतरी करून पाहता येतं आणि पुढच्या खेपेला त्याबद्दल बोलता येतं. त्यांना अहवाल आणि फोटो लागत असतील तर तेही द्या, त्यावरून वाद घालण्यात शक्ती घालवू नका.

आता मानसिकतेकडे येते. ‘आधी मानसिकता बदलायला हवी’ हे वाक्य शिक्षणक्षेत्रात इतकं वापरून झालंय, की कोणी उच्चारलं की मला पहिली शंका त्या वाक्याचीच येते. आधी मत बदलेल, मग कृती बदलेल, मग मुलांमध्ये फरक दिसेल, असा क्रम त्यात गृहीत धरलेला असतो. थॉमस गस्की यांनी १९८६ साली नेमका याच्या उलट क्रम मांडला. शिक्षक काहीतरी वेगळं करून बघतो, आपल्याच वर्गातल्या मुलांमध्ये त्याला फरक दिसतो आणि त्यानंतर त्याचं मत बदलतं. अनुभवी शिक्षकाच्या बाबतीत तर हे अगदी साहजिक आहे. वीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाने पाच दिवस बाहेर जाऊन आलेल्या सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मत का बदलावं? तुम्ही तरी बदलाल का?

त्या ज्येष्ठ सरांच्या टोमण्यातही तथ्य आहे. दर दोन-तीन वर्षांनी नवं काहीतरी येतं, जुनं पूर्ण व्हायच्या आत गुंडाळलं जातं, अभ्यासक्रम मात्र त्याच तारखेला संपवायचा असतो. अशा माणसाला ‘नकारात्मक’ म्हणणं सोपं आहे. मी तुमच्या जागी असते तर त्यांना पटवायला गेले नसते. एक काम मागितलं असतं : ‘सर, तुमच्या वर्गातली तीन मुलं निवडा. एक हुशार, एक मधलं, एक मागे पडलेलं. धड्यातला एकच परिच्छेद तिघांना वेगवेगळं बसवून वाचायला द्या. नंतर पुस्तक मिटायला सांगा आणि विचारा, यात काय घडलं ते तुझ्या शब्दांत सांग. जे म्हणतील ते जसंच्या तसं लिहून आणा.’ यात सरांना शिकवायचं काही नाही, बदलायचंही काही नाही. फक्त ऐकायचं आहे. हुशार समजलं जाणारं मूल पुस्तक मिटल्यावर गप्प झालं, हे सरांनी स्वतः पाहिलं, की त्या सहा बैठकांमध्ये सर काय म्हणतात ते ऐका. तुम्हाला बोलायला जागा मिळणार नाही.

पहिल्या बैठकीत सगळ्यांसमोर माझं झुरपाचं वाक्य ठेवा, किंवा तुमच्या पद्धतीने असाच एक पाच ओळींचा उतारा बनवा आणि खाली पाच प्रश्न घाला. सगळ्या शिक्षकांना पैकीच्या पैकी पडतील. हसून झालं की प्रत्येकाने आपल्या विषयाच्या धड्याखालचे प्रश्न काढून बघायचे : यातले किती प्रश्न अर्थ न कळता सुटतात? पहिली वीस मिनिटं यातच जातील, जाऊ द्या.

‘ते भाषेवाल्यांचं काम’ हा मुद्दा मात्र नुसता आळसाचा म्हणून उडवून लावू नका, त्यामागे खरा गोंधळ आहे. वाचन म्हणजे अक्षरं ओळखणं, आणि ते एकदा खालच्या वर्गात झालं की झालं, असं बहुतेकांना प्रामाणिकपणे वाटतं. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र दिलं : वाचून समजणं म्हणजे लिपी उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. इथे बेरीज नसून गुणाकार आहे, हे महत्त्वाचं. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. तुमच्या वर्गात एकाच तक्रारीखाली दोन वेगळी मुलं आहेत, हे यातून दिसतं. जोडाक्षराला अडखळणाऱ्या सात-आठ जणांचा पहिला भाग कच्चा आहे. खडाखडा वाचून न समजणाऱ्यांचा दुसरा. दोघांना एकच औषध चालणार नाही.

आणि दुसऱ्या भागात भाषेच्या शिक्षकाचा वाटा जेवढा, तेवढाच तुमचाही आहे. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. काही मुलं वाचनात चांगली, काही कच्ची, काहींना खेळाची माहिती, काहींना नाही. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं ही वाचनात चांगल्या पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा तो मजकूर चांगला समजून घेऊ शकली. म्हणजे इतिहासाची पार्श्वभूमी नसलेलं मूल भाषेच्या तासाला कितीही चांगलं वाचत असलं, तरी तुमच्या धड्यात अडकणारच. तिथे त्याला भाषेच्या बाई वाचवू शकत नाहीत, तुम्ही वाचवू शकता.

गणिताच्या मॅडमसाठी वेगळा पुरावा लागेल. त्यांना हे गणित वर्गात घालायला सांगा : ‘सीमाकडे १२ गोट्या आहेत. त्या राजूकडच्या गोट्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत. तर राजूकडे किती?’ बरीच मुलं १७ लिहितील. ‘जास्त’ दिसलं की बेरीज, अशी खूणगाठ त्यांनी बांधलेली असते. १२ मधून ५ वजा करता न येणारं मूल सातवीत क्वचितच सापडेल. ते मूल गणितात चुकलेलं नाही, ‘त्या’ हे सर्वनाम कोणाच्या गोट्यांसाठी आलं आहे आणि ‘पेक्षा’ कोणाला चिकटलं आहे, हे वाचण्यात चुकलं आहे. हे भाषेवाल्यांचं काम की तुमचं, हा प्रश्न मॅडमना विचारूसुद्धा नका. उत्तरपत्रिका समोर ठेवा म्हणजे झालं.

जोडाक्षरांना अडखळणाऱ्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण हे काम कौशल्याचं असलं तरी गुंतागुंतीचं नाही. आपल्यासारख्या लिप्यांमध्ये मूळ अक्षरं, त्यांची बाराखडी आणि जोडाक्षरं धरली तर ओळखायची चिन्हं शेकड्यांच्या घरात जातात. ती पहिली-दुसरीत संपत नाहीत. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या कामातही हेच दिसतं, की अक्षरं शिकणं अनेक वर्षं चालू राहतं. तेव्हा सातवीत अडखळणारं मूल ‘गेलेली केस’ नाही. त्याला रोज दहा मिनिटं हवीत आणि ती सगळ्यांसमोर नकोत. पाळीपाळीने उभं राहून मोठ्याने वाचायची पद्धत या मुलांपुरती तरी बंद करा. त्यातून ती वाचायला शिकत नाहीत. आपली पाळी कितव्या ओळीवर येणार हे मोजायला मात्र शिकतात. एकेकाला बाजूला घेऊन शंभर शब्द वाचून घ्या, तुमच्याकडे त्याच मजकुराची प्रत असू दे. बरोबर वाचलेल्या शब्दावर बरोबरची खूण, चुकला तर त्याने काय म्हटलं ते वर लिहायचं. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी वाचनाची नोंद ठेवायची ही रीत रूढ केली. ‘प्रयत्न’ला ‘प्रत्यन’ म्हणणारा आणि ‘प्रयत्न’ला ‘प्रश्न’ म्हणणारा, दोघांची चूक वेगळी आहे. पहिला अक्षरं उलगडायचा प्रयत्न करतोय, पण क्रम चुकतोय. दुसरा पहिलं अक्षर बघून अंदाजाने ठोकतोय. कागद समोर असला तर हे दिसतं, नुसतं ‘कच्चा आहे’ म्हटल्यावर दिसत नाही. आणि या भागात भाषेच्या बाईंना जरूर हाक मारा. त्यांना इथे तुमच्यापेक्षा जास्त कळतं, आणि बैठकीत एक विषय त्यांच्या हातात गेला की हा सगळा ‘तुमचा उपक्रम’ राहणार नाही.

आता मला तुमच्याशी खरा वाद घालायचा आहे तो मुद्दा. आधी वाचन, सक्षमीकरण नंतर.

ही क्रमवारी तुम्ही एकट्यांनी लावलेली नाही, बहुतेक शाळा तशीच लावतात. मग सक्षमीकरण म्हणजे एक वेगळा कार्यक्रम होतो : मुलांची समिती, बालदिनाची भाषणं, भिंतीवर तक्ता. आणि वर्गात वाचन मात्र ‘मी विचारते, तू उत्तर शोध’ असंच चालू राहतं. जे मूल दिवसाचे सहा तास दुसऱ्याच्या प्रश्नांची दुसऱ्याच्या वाक्यांत उत्तरं देतं, ते समितीत बसून अचानक स्वतःचं कसं बोलेल?

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांचं नाव तुमच्या प्रशिक्षणात आलंच असेल. त्यांच्या विचारांबद्दल पुष्कळ बोललं जातं, कामाबद्दल कमी. १९६३ मध्ये ब्राझीलमधल्या अँजिकोस या गावात त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थी-कार्यकर्त्यांनी सुमारे ३०० कष्टकरी प्रौढांना साधारण ४० तासांच्या वर्गांत लिहा-वाचायला शिकवायचा प्रयोग केला. त्यांच्या पद्धतीत शब्द त्या लोकांच्या कामाच्या आणि जगण्याच्या बोलण्यातून निवडत. आधी त्या शब्दावर चर्चा, मग त्याची फोड, मग त्या तुकड्यांपासून नवे शब्द. त्या काळी ब्राझीलमध्ये निरक्षर माणसाला मताचा अधिकार नव्हता. म्हणजे वाचायला शिकलेला माणूस थेट मतदार होत होता. पुढच्याच वर्षी लष्करी उठाव झाला, कार्यक्रम बंद पडला, फ्रेरेंना तुरुंगात टाकलं आणि नंतर देश सोडावा लागला. वाचायला शिकवणं ही बिनधोक, कोणाला न दुखवणारी गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे लक्षात ठेवावं. पण मला इथे दाखवायचं आहे ते वेगळं : अक्षर आणि आवाज हे दोन टप्पे तिथे नव्हते. पहिल्याच दिवशी बोलणं होतं.

तुमच्या वर्गात याचा अर्थ काय? क्रांती नको, प्रश्न विचारण्याचा हक्क थोडा मुलांकडे जाऊ द्या. अ‍ॅनमारी पॅलिंकसार आणि अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम तर अगदी तुमच्याच मुलांवर बेतल्यासारखं आहे. सातवीची मुलं, वाचता व्यवस्थित येतं, समजत मात्र नाही. त्यांनी लहान गटांत परिच्छेद वाचून चार गोष्टी करायला शिकवल्या : थोडक्यात सांगणं, मजकुरावर प्रश्न काढणं, न कळलेलं उघडपणे सोडवणं, आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधणं. सुरुवातीला शिक्षक करून दाखवतो, मग मुलं पाळीपाळीने शिक्षक होतात. त्यांचं समजून वाचणं ठळकपणे सुधारलं. तुमच्या विषयात मी यात पाचवी गोष्ट घालेन, हे विचारणं : हे कोणी लिहिलंय, आणि यात कोणाचं म्हणणं आलेलं नाही? विकेंद्रीकरणाच्या त्या वाक्यावर एखाद्या मुलीने ‘वाव मिळाला असं कोण म्हणतंय, त्या नेत्यांनी म्हटलंय का?’ असं विचारलं, तर तिला वाक्याचा अर्थ लागला याचा वेगळा पुरावा लागत नाही. सक्षमीकरण म्हणजे काय ते तिथेच घडलं.

एक सूचना तर फुकटातली आहे. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एका सेकंदाच्या आसपास थांबतात, की लगेच दुसऱ्याकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तेच थांबणं तीन सेकंदांपर्यंत गेलं की उत्तरं लांब येतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. वर्गात उभं राहून मनात मोजून बघा, कसं अवघडायला होतं ते कळेल. दुसऱ्या बैठकीसाठी सगळ्यांनी हेच एक करून यायचं, असं ठरवता येईल. यात तयारी लागत नाही, साहित्य लागत नाही, आणि ज्येष्ठ सरांनाही ‘वेळ नाही’ म्हणता येणार नाही.

तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर सहकाऱ्यांना तुमच्या वर्गात बोलवा. आधी तुम्ही त्यांच्या वर्गात जाऊ नका, लोक बिथरतात. जपानमधले शिक्षक शंभराहून अधिक वर्षं एकमेकांचे पाठ मिळून आखतात, बघतात आणि त्यावर बोलतात. त्यातली एक शिस्त उचलण्यासारखी आहे : बघणाऱ्याने शिक्षकाकडे न बघता मुलांकडे बघायचं. मागे बसणाऱ्या प्रत्येकाला एकेक मूल वाटून द्या. ‘ही मुलगी गटात पहिल्यांदा कधी बोलली? वाचताना कुठे थांबली? शेजारच्याचं बघून लिहिलं का?’ नंतर चर्चा तेवढ्यावरच. ‘तुमचा आवाज छान होता’, ‘फळ्याचं नियोजन चांगलं होतं’ असली प्रशस्तिपत्रकं नकोत आणि दोषही नकोत. मुख्याध्यापकांना बसायचं असेल तर बसू देत, पण हातात गुणांचा तक्ता नसावा, एवढं त्यांच्याशी आधी स्पष्ट बोलून घ्या. ज्या बैठकीतून गोपनीय अहवाल भरला जाणार आहे, त्या बैठकीत ‘मला हे जमलं नाही’ असं कोणीही म्हणणार नाही. आणि ‘जमलं नाही’ म्हणता येत नाही तिथे मोठी माणसं शिकत नाहीत.

अपेक्षा मात्र बेताच्या ठेवा. मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली शिक्षकांना वर्गात दिल्या जाणाऱ्या मार्गदर्शनावरचे ६० अभ्यास एकत्र तपासले. शिक्षकांच्या शिकवण्यात चांगली सुधारणा दिसली, मुलांच्या निकालांत तीहून कमी. कार्यक्रम जितका मोठा, तितका परिणाम पातळ. तेव्हा स्टाफरूममधले सगळे सामील झाले पाहिजेत असा हट्ट धरू नका. चारजण नियमित आले तरी भरपूर आहे. जे येत नाहीत त्यांच्याबद्दल चारजणांनी मिळून बोलायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशी करा, नाहीतर बैठकीचं गाऱ्हाण्यांचं मंडळ व्हायला वेळ लागत नाही. आणि हे सगळं तुमच्या एकटीच्या जिवावर चालवू नका. तिसऱ्या बैठकीला कोणी दुसऱ्याने मुलांच्या वाचनाच्या नोंदी आणल्या नाहीत, तर चौथी बैठक तुम्ही भरवू नका. सरळ विचारा, पुढे चालवायचं आहे का.

हे पत्र वाचणाऱ्यांत मुख्याध्यापकही असतील. त्यांना एवढंच सांगते, की शिक्षकाला प्रशिक्षणाला पाठवताना एकट्याला पाठवू नका. त्याच शाळेतले दोघं एकत्र गेले, तर परत आल्यावर निदान एकमेकांना विचारता येतं, ‘तू करून पाहिलंस का?’

यातच, ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. पुढच्या वेळी जा, पण कोणाला तरी बरोबर घेऊन जा. गणिताच्या मॅडम तयार झाल्या तर उत्तमच. जाताना तुमच्या वर्गातल्या तीन मुलांची वाचनाची नोंद आणि त्यांच्या हातची एकेक पानभर उत्तरं बॅगेत टाका. पहिल्या दिवशी चहाच्या वेळी शिकवणाऱ्यांना गाठा आणि ती दाखवून विचारा, ‘या मुलाच्या बाबतीत सोमवारी मी काय करू?’ ज्यांना यावर थांबून, कागद नीट बघून बोलावंसं वाटेल, त्यांच्या सत्रात पुढे बसा. बाकीच्या सत्रांत मागे बसून तुमच्या पाचव्या बैठकीची तयारी केलीत तरी चालेल.